दुसऱ्या पानावरची ओळ

श्रावण शुद्ध पंचमी, मंगळवार, सकाळचे आठ. व्यायामशाळेचं अंगण. हजर: माझा धाकटा भाऊ, वय एकेचाळीस, खुर्चीत, उजवा पाय स्टुलावर, भावजय, पूजेचं ताट घेऊन, भावाची सगळ्यांत जुनी शिष्या, जी आता एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे, व्यायामशाळेतली बावीस मुलंमुली, नारळ फोडायला बोलावलेले शेजारचे काका, आणि मी, वय त्रेपन्न, हातात वही. गैरहजर कोणी नाही.

वहीतला हा मजकूर मी जसाच्या तसा उतरवला आहे. त्याच्याखाली सामानाची यादी आहे आणि प्रत्येक वस्तूपुढे बरोबरची खूण. त्या दिवशी काही राहून गेलं असं ते पान बघून कोणाला वाटणार नाही.

मी एका सरकारी कार्यालयात आवक-जावक सांभाळते. आलेला कागद नोंदवायचा, त्याचा गोषवारा दोन ओळींत लिहायचा आणि पुढे पाठवायचा, हे काम मी एकोणतीस वर्षं करते आहे. लांबलचक कागदातून कामाचं तेवढं काढायची सवय हाताला लागली आहे. घरीही तेच. आमचं घर उज्जैनच्या फ्रीगंजात, टावर चौकापासून पायी सात मिनिटांवर. खाली भाऊ-भावजय राहतात, वर मी एकटी. आई गेल्यापासून दोन्ही मजल्यांच्या याद्या माझ्याकडे आहेत: दिवाळीचं सामान, गॅसचे नंबर, कोणाची कुठली गोळी. भाऊ मला चिडवायचा, "ताई, तू झोपतेस तेव्हा स्वप्नांचीही यादी करतेस का ग?"

तो स्वतः कसलीच यादी करत नसे. दिवसा नोकरी आणि सकाळ-संध्याकाळ मल्लखांब, एवढं त्याचं आयुष्य होतं. आठव्या वर्षी तो व्यायामशाळेत गेला तो तिथलाच झाला. त्याला खांबावर पाहिलं की मला नेहमी वाटायचं, याला जमिनीवर चालताना कंटाळा येत असेल.

आमच्या व्यायामशाळेत नागपंचमीचा एक रिवाज आहे, दुसरीकडे तो असेलच असं नाही. त्या दिवशी खांबाची पूजा झाली की उस्ताद स्वतःच्या हाताने खांबाला एरंडेल लावतो आणि पहिली अढी तोच घालतो. अढी म्हणजे एक पाय पुढून, एक मागून घेऊन दोन्ही पायांत खांब आवळून धरायचा आणि डोकं खाली करून अंग सोडून द्यायचं. ती झाल्याशिवाय बाकी कोणी खांबाला हात लावत नाही. ज्यानं पहिली अढी घातली, वर्षभर खांब त्याचा. उस्ताद थकला की भाषणं होत नाहीत, हारतुरे नसतात. त्या वर्षी तो खुर्चीत बसून राहतो आणि ज्याच्याकडे खांब द्यायचा त्याच्याकडे बघून नुसती मान हलवतो. झालं, खांब गेला. माझ्या भावाच्या उस्तादांनी अशीच मान हलवली तेव्हा भाऊ चोवीस वर्षांचा होता. घरी येऊन त्यानं जेवताना सांगितलं आणि आई ताटावरून उठून आत जाऊन रडली.

गुडघा गेला तो एका प्रात्यक्षिकात. उडी मारून खाली येताना गादीची कड पायाखाली आली. सूज उतरली, पण पायऱ्या उतरताना गुडघा मध्येच अडकायला लागला. वर्षभर त्यानं मालिश केली, शेक घेतला, आम्हाला काही सांगितलं नाही. शेवटी मीच इंदूरच्या डॉक्टरांची वेळ घेतली.

डॉक्टर मराठी होते, बोलायला मोकळे. त्यांनी फिल्म दिव्यासमोर धरली आणि पेनाने दाखवलं. हाडाच्या टोकावर जी गुळगुळीत कूर्चा असते, तिचा शर्टाच्या मोठ्या बटणाएवढा तुकडा निघून गेला होता. तिथे खड्डा.

"भरून येईल ना?" भावानं विचारलं.

"कातडी भरून येते, हाड जुळतं. कूर्चेला रक्तपुरवठा नसतो हो. गेली की गेली. आणि खड्ड्याच्या कडेनं उरलेलीही झिजत जाते."

"मग?"

मग त्यांनी मूलपेशींचं सांगितलं. कमरेच्या हाडातून थोडा मगज काढायचा. त्यातल्या मूलपेशी वेगळ्या करून प्रयोगशाळेत वाढवायच्या. चारेक आठवड्यांनी पुरेशा झाल्या की एका चिकट द्रवात मिसळून खड्ड्यात भरायच्या, म्हणजे तिथे नवी कूर्चा धरू लागते. हे सगळ्यांसाठी नाही, म्हातारपणी सगळीकडून झिजलेल्या गुडघ्याला याचा उपयोग नाही, असंही त्यांनी स्पष्ट सांगितलं. पण याचा खड्डा एकाच जागी आहे, कडा शाबूत आहेत, पाय सरळ आहे. खात्री देत नाही, पण करण्यासारखं आहे.

"पेशी वाढवतात म्हणजे काय देतात त्यांना? दूध-बदाम?" भाऊ म्हणाला. डॉक्टर हसले. मी माझे सात प्रश्न वहीतून एकेक करून विचारले. सातव्याला डॉक्टर म्हणाले, "मॅडम, तुम्ही वकील आहात का?"

"नाही, आवक-जावक," भावानं परस्पर उत्तर दिलं.

पहिली शस्त्रक्रिया छोटी होती. दुर्बिणीने आत बघितलं, कमरेतून मगज काढला आणि तो मुंबईच्या प्रयोगशाळेत गेला. त्यानंतरचे चार आठवडे आमच्या घरातले शेवटचे आनंदाचे आठवडे, असं आता म्हणावं लागतं. भाऊ त्या पेशींना 'माझे पठ्ठे' म्हणायचा. सकाळी वर माझ्याकडे चहाला यायचा, एकेक पायरी सांभाळत, आणि दारातूनच म्हणायचा, "माझे पठ्ठे मुंबईत काय करून राहिले असतील ग? मी कधी चार दिवस मुंबईत राहिलो नाही, हे मात्र महिनाभर राहून येणार." भावजय खालून ओरडायची, "त्यांना म्हणावं येताना उगाच मुंबईची हवा नका आणू. उज्जैनमध्ये चालत नाही ती."

दुसरी शस्त्रक्रिया मोठी. ती झाल्यावर डॉक्टरांनी मला आणि भावजयीला खोलीबाहेर बोलावलं. म्हणाले, "आता हे दही लावल्यासारखं समजा. विरजण घातलंय. भांडं हलवायचं नाही." आणि एक इंग्रजी कागद हातात दिला. दोन पानं, तेरा सूचना.

घरी आल्यावर मी त्या कागदाची मराठी यादी केली. कपाटाच्या दाराला आतून चिकटवायची, म्हणजे पलंगावर पडल्या पडल्या त्याला दिसेल. दार रोज उघडलं जातं, नजर आपोआप जाते. अक्षर मोठं हवं, कारण तो चष्मा लावायचा कंटाळा करतो. मोठ्या अक्षरात एका पानावर अकरा ओळी बसत होत्या. गोळ्यांच्या दोन सूचना मी एकीत घेतल्या. बारा राहिल्या. आणखी एक कमी करायची होती.

मी दुसरं पान परत वाचलं. त्यावर अशी एक ओळ होती की गुडघ्याला पीळ बसेल किंवा बाजूने ताण येईल अशी कोणतीही हालचाल बारा आठवडे करू नये. मला आठवतं, मी त्या ओळीवर पेन टेकवून थोडा वेळ थांबले होते. मग वाटलं, गुडघ्याला कडक पट्टा बांधून पलंगावर पडलेला माणूस त्याला पीळ कसा देईल? जमिनीवर पायच ठेवायचा नाही, तर वळणार कुठून? ती ओळ पहिल्या ओळीत आलीच. मी ती सोडली. अकरा झाल्या. दह्याचं उदाहरणही घेतलं नाही, कारण ती सूचना नव्हती.

यादीतली पहिली ओळ अशी होती: 'उजवा पाय जमिनीला टेकवायचा नाही. सहा आठवडे.' चौथी: 'चालताना पट्टा बांधायचा.' सातवी: 'यंत्रावर गुडघा रोज वाकवायचा, दुखलं तर थांबायचं.' मूळ कागद मी 'गुडघा' असं लिहिलेल्या फाइलमध्ये लावला आणि फाइल वर माझ्या कपाटात ठेवली. भावानं किंवा भावजयीनं तो कधी मागितला नाही. आमच्या घरात माझी यादी झाली की मूळ कागद कोणी मागत नाही.

भाऊ यादी इतकी पाळायचा की मला नवल वाटायचं. पलंगावर भैरवगढ़ची छापील चादर, तिच्यावर ते भाड्याने आणलेलं यंत्र, आणि त्यात त्याचा पाय हळूहळू वाकतोय, सरळ होतोय. तोंडाने आकडे मोजणं चालू. संडासला जातानासुद्धा कुबड्यांवर, उजवा पाय अधांतरी, भावजयीला दाखवत, "लागला का? नाही ना? ताईला रिपोर्ट दे." खांबावरच्या माणसाला शिस्त नसते असं मी तोवर समजत होते, ती माझी चूक होती.

नागपंचमी आली तेव्हा शस्त्रक्रियेला सव्वीस दिवस झाले होते. व्यायामशाळेत जायचं, पूजेला बसायचं, एवढंच ठरलं होतं. आदल्या दिवशी श्रावण सोमवारची सवारी, म्हणजे देवाच्या पालखीची मिरवणूक, आणि पंचमीला वर्षातून एकदाच उघडणाऱ्या देवळाच्या दर्शनाला लाखांची रांग; शहरात गाडी हलत नाही. म्हणून आम्ही पहाटेच निघालो आणि मागच्या गल्ल्यांतून पोचलो.

पूजा झाली. खांबाला हार घातला, लाह्या वाहिल्या, नारळ फुटला. भावाची खुर्ची मुलांनी खांबाजवळ नेली. त्यानं वाटीतलं एरंडेल तळव्यावर घेतलं आणि हात पोचेल तिथपर्यंत खांबाला लावलं.  सगळे त्याच्याकडे बघत होते. तो अढी घालणार नाही हे माहीत होतं, पण मग मान हलवणार का? कोणाकडे? त्याची जुनी शिष्या खाली बघत उभी होती. ती छत्तिशीची आहे, पंचवीस वर्षं त्या खांबावर घालवलेली. गेलं वर्षभर मुलांना तीच शिकवत होती.

भाऊ मान हलवेना. मग म्हणाला, "ताई, यादी काढ."

यादीची नक्कल माझ्या वहीत होती. मी पान उघडलं.

"पहिली ओळ वाच."

"उजवा पाय जमिनीला टेकवायचा नाही. सहा आठवडे."

त्यानं मुलांकडे वळून विचारलं, "क्यों रे, खंबे पे पाँव ज़मीन को लगता है क्या?"

पोरं हसली. "नहीं, उस्ताद!"

"चौथी?"

"चालताना पट्टा बांधायचा."

"मी चालणार आहे का? हे मला उचलून वर देतील, उचलूनच खाली घेतील. सातवी तर म्हणते वाकवायचा."

शिष्या पुढे आली. "उस्ताद, रहने दो। अगले साल कर लेना। खंबा कहीं भागा नहीं जा रहा।"

"खंबा नहीं भाग रहा, पर तेरी नज़र तो है न उस पे?" भाऊ हसत म्हणाला. मस्करीच होती. पण तिचा चेहरा उतरला आणि ती मागे सरली.  भावजय माझ्याकडे बघून म्हणाली, "वन्सं, चालेल का हो?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी यादी वरपासून खालपर्यंत वाचली. अकरा ओळी. खांबाबद्दल काही नव्हतं, वर चढू नये असं नव्हतं, पिळाबद्दल काही नव्हतं. मी म्हटलं, "यादीप्रमाणे हरकत नाही." ऑफिसात मी कागदावर असाच शेरा देते.

त्यांनी पट्टा सोडला. चार मोठ्या मुलांनी त्याला खांद्यावर घेतलं, उजवा पाय एका मुलीनं वेगळा धरला. भावानं वर हात घालून खांब पकडला आणि एका क्षणात तो आमच्यातला राहिला नाही. पाय पुढून-मागून गेले, खांब आवळला गेला, डोकं खाली आलं, हात सुटले आणि दोन्ही हात जोडून त्यानं उलटा नमस्कार केला. उजवा गुडघा खांबाभोवती वळलेला मला स्पष्ट दिसत होता. मला तो सुंदर वाटला. खरं तेच लिहिते. मी टाळ्या वाजवल्या.

खाली घेतल्यावर तो धापा टाकत म्हणाला, "लागला का पाय?"

"नाही लागला."

"मग कर खूण."

मी वहीत खूण केली.

दुपारी गुडघा जड वाटतोय म्हणाला. चार वाजेपर्यंत तो नारळाएवढा झाला. डॉक्टरांना फोन लावला. त्यांच्या माणसानं बर्फ लावून पाय उंच ठेवायला सांगितलं आणि लगेच घेऊन या म्हणाला. पण रस्ते बंद होते, आमच्या भागातून बाहेर पडायला जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी इंदूर गाठलं.

एमआरआय झाला. डॉक्टरांनी यावेळी फिल्म दिव्यासमोर बराच वेळ धरून ठेवली. भरलेला भाग एका बाजूने उचलला गेला होता. ज्या कडेनं नवी कूर्चा धरायची, ती कडही थोडी तुटली होती.

"काय केलंत?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत भाऊ बोलला. "डॉक्टर, चूक माझी. ताईनं सगळं लिहून दिलं होतं, कपाटाला लावलं होतं. मीच शहाणपणा केला, त्यातून पळवाट काढली. खांबावर चढलो."

डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "कागद दिला होता ना तुम्हाला? दोन पानांचा?"

"हो," मी म्हटलं.

तिथे आणखी एक वाक्य बोलायचं होतं. ते मला माहीत होतं, तोंडात तयार होतं. डॉक्टर फिल्म पाकिटात घालत होते, भाऊ कुबड्या हाताशी घेत होता, भावजय पदरानं डोळे पुसत होती. मी त्या वाक्याला वाट करून दिली नाही आणि ते मागे राहिलं.

"परत पेशी घेता येतील?" भावानं विचारलं.

"पेशी घेता येतील. पण त्यांना धरायला कडा लागतात. आता आहेत त्या कितपत धरतील, मला शंका आहे. सुटलेला तुकडा काढून टाकू. पुढे झिजेल तसं बघू."

 येताना गाडीत, उज्जैन जवळ आलं तेव्हा भाऊ म्हणाला, "पठ्ठे मुंबईहून आले आणि महिन्याभरात पळाले. उज्जैन नाही मानवलं." आम्ही हसावं म्हणून तो बोलला होता. भावजय हसली.

सुटलेला तुकडा काढला. कपाटाच्या दारावरची यादी भावजयीनं नखाने खरवडून काढली, चिकटपट्टीचे चार डाग अजून तिथे आहेत.

पितृपक्षात बाबांच्या श्राद्धाला आम्ही राम घाटावर गेलो. दरवर्षी भाऊ भरभर पायऱ्या उतरायचा आणि मी मागून 'हळू' म्हणायची. यावेळी मी पुढे आणि तो मागे, एका हातात काठी, दुसरा भावजयीच्या खांद्यावर. त्याला खाली बसता येईना. भटजींनी बाजूच्या दुकानातून प्लास्टिकची खुर्ची मागवली. "कुर्सी पे बैठ जाओ भैया, पितर बुरा नहीं मानते," ते म्हणाले. खुर्चीत वाकून पिंड ठेवताना त्याचा हात पाटापर्यंत पोचेना, तेव्हा मी पाट उचलून धरला.

मंत्र संपल्यावर तो पाण्याकडे बघत म्हणाला, "ताई, बाबांनी विचारलं तर सांग, त्यांच्या मुलानं हातानं घालवलं. दोष कोणाचा नाही."

"असं का बोलतोस?"

"खरं ते बोललो. तू एवढं लिहून दिलंस आणि मी काय केलं? वकिलासारखं कलम शोधलं."

पाट माझ्या हातात होता. पिंड हलू नये म्हणून मी तो दोन्ही हातांनी घट्ट आवळून धरला होता. त्याला वाटलं, मला वजन झेपत नाही. म्हणाला, "ठेव ग खाली, झालं." मी ठेवला. त्याच दिवशी घरी आल्यावर वहीत लिहिलं: 'त्याला मूळ कागद दाखवणे.'

माझ्या वहीत जे काम होत नाही ते पुढच्या पानावर नेते. हे काम किती पानं पुढे गेलं ते मी मोजलेलं नाही. दोनदा फाइल घेऊन खाली गेले. एकदा त्याच्याकडे पाहुणे होते. दुसऱ्यांदा कोणी नव्हतं, तो गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी धरून बसला होता. फाइल बघून म्हणाला, "नको ग, आता ते कागद नको बघायला. त्रास होतो." मी फाइल परत वर आणली. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं, आणि त्या सुटल्यासारखं होण्याची मला अजून शिसारी येते.

अनेकदा मी स्वतःला समजावते की आता सांगून काय होणार? कूर्चा परत येणार नाही. उलट त्याला आज निदान एक खात्री आहे, बहिणीवर विश्वास ठेवता येतो ही. पण मग तो पायऱ्या चढायला नको म्हणून सकाळी अंगणातून वर हाक मारतो, "ताई, चहा टाकला ग, ये खाली," आणि मी जिना उतरताना प्रत्येक पायरीला मला वाटतं की हा माणूस माझ्या चुकीची शिक्षा भोगतो आहे आणि वर स्वतःला शिव्याही घालतो आहे. निदान शिव्या तरी माझ्या मला मिळाव्यात.

हिवाळ्यापर्यंत तो व्यायामशाळेत जात होता. खुर्चीत बसून शिकवायचा. मग आठवड्यातून तीनदा, मग रविवारी. शिष्या घरी येऊन विचारायची, "उस्ताद, आज आओगे?" तो म्हणायचा, "तू है ना." त्या दिवशी तिला बोलला ते त्याच्या मनात राहिलं आहे, मला कळतं. एकदा तो मला म्हणाला, "ती बरोबर सांगून राहिली होती. आणि मी तिला काय बोललो? तिनं खांबासाठी नव्हतं ग म्हटलं, माझ्यासाठी म्हटलं होतं." म्हणजे तो दोघींचा अपराधी झाला आहे, तिचा आणि माझा. त्यातल्या माझ्या हिश्श्यात त्याचा काही अपराध नाही, हे सांगू शकेल असं जगात एकच माणूस आहे.

पुढच्या महिन्यात नागपंचमी. परवा त्यानं मला खाली बोलावलं. पलंगावर पाय लांब करून बसला होता. गुडघ्याखाली उशी, चादर तीच, भैरवगढ़ची, आता धुऊन धुऊन फिकी झालेली. भावजय शेंगा सोलत होती.

"ताई, वही आणलीस? लिही. यंदा सगळं नीट करायचं. मी बसून राहणार आणि तिच्याकडे बघून मान हलवणार. तिला आधी सांगू नकोस."

"नक्की ठरलं?"

"ठरलं ग. सतरा वर्षं खूप झाली." मग डोळे मिचकावून म्हणाला, "मान हलवायला काही पथ्य नाही ना? यादीत बघ एकदा."

भावजय म्हणाली, "पुरे हो तुमचं."

मी पेन उघडलं. तो सांगत गेला, मी लिहीत गेले. नारळ, दोन. लाह्या. दूध. हळदकुंकू. झेंडूचा मोठा हार, खांबाला पुरेल असा. एरंडेल, नवी बाटली. शिष्येसाठी शाल, रंग तिच्या साड्यांसारखा फिका. चांगली भक्कम खुर्ची, हातांची.

"झालं?" मी विचारलं.

"वाचून दाखव."

मी वाचलं.

"बस," तो म्हणाला. "तुझ्या यादीतून काही सुटत नाही. जे सुटलं ते माझ्याकडून."

मी वर आले. सगळ्या वस्तूंच्या खाली जागा उरली होती. तिथे, हाराच्या आणि खुर्चीच्या खाली, मागच्या पानावरून पुढे आणून लिहिलं: 'मूळ कागद. दुसरं पान. त्यानं मान हलवण्याआधी.' फाइल कपाटातून काढून टेबलावर ठेवली आहे.

आजच्या तारखेपर्यंत एरंडेल आलं आहे, शाल आली आहे, हार सांगून ठेवला आहे, आणि त्यांच्यापुढे खुणा केल्या आहेत. शेवटच्या ओळीपुढे अजून खूण नाही.